पायरी तात्पुरती बंद आहे

साहेबांची उंची किती, हा विषय कंपनीत निघत नसे.

कंपनी झाकणांची होती. बरण्या, बाटल्या, डबे वगैरे दुसरीकडे कुणीतरी बनवायचं. इथं फक्त झाकणं. चारशे माणसं तीन पाळ्यांत नुसती झाकणं काढत होती आणि ती कशावर बसणार आहेत याची कुणाला फिकीर नव्हती. तशीच साहेबांच्या उंचीचीही कुणाला फिकीर नव्हती. खरं तर होती, पण ती घरी जाऊन करायची फिकीर होती.

साहेबांनी तो प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला होता. त्यांनी बाजारात मिळेल तितकी उंच गाडी घेतली. इतकी उंच, की आत बसल्यावर गेटवरच्या वॉचमनच्या टोपीवर किती धूळ आहे ते दिसे. अडचण एवढीच, की असल्या गाडीत चढायचं कसं, आणि त्याहून अवघड म्हणजे चारचौघांत उतरायचं कसं. त्यावर गाडी बनवणाऱ्यांनीच तोड काढली होती. दार उघडलं की गाडीच्या पोटाखालून विजेवर चालणारी एक लांबट पायरी झूंऽ करत बाहेर येई, दार लागलं की मुकाट आत जाई. साहेब तिच्यावर पाय ठेवत, क्षणभर थांबत, लांब कुठंतरी बघत आणि मग जमिनीवर येत. लांब तिथं बहुतेक वेळा सायकल स्टँड असे. पण फोटोत सायकल स्टँड येत नाही, नजर तेवढी येते.

ड्रायव्हरला हे सगळं पाठ होतं. अकरा वर्षं तो साहेबांकडे होता, त्यातली दोन या गाडीवर. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. नोकरी आहे तोवर खोल्या, नोकरी गेली की आठ दिवसांत कुलूप, असं दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर कंपनीनं रंगवून दिलेलं होतं. त्यामुळं घरी येणारा पाहुणा बेल वाजवायच्या आधीच ते वाचून घेई आणि मग जरा जपूनच बसे.

गाडी धुवायला साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाच वर्षांपूर्वी ड्रायव्हरनंच शब्द टाकून त्याला कंपनीच्या वॉशिंगला चिकटवलं होतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याची बंदूक आणि तोंड सतत चालू.

"काय साडू, पायरी बंद केलीस का?"

"केली."

"तिला विचारून केलीस ना? नाहीतर उद्या म्हणेल, मला न कळवता बसवलं."

हे दर सोमवारचं. धुताना दारं उघडावी लागत, दारं उघडली की पायरी बाहेर येई, आणि पाण्याचा मारा तिच्या रुळांवर बसला की आत चिखल जाऊन ती अडकत असे. म्हणून धुण्याआधी ती बंद करायची. ड्रायव्हर हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. स्क्रीनवर तो स्वतः बोट लावून आत शिरे, तिसऱ्या पानावर जाई, बटण दाबे. मग स्क्रीन सांगे: पायरी तात्पुरती बंद आहे. चालू मात्र करावी लागत नसे. गाडीनं एकदा ताशी पंधराचा वेग ओलांडला की पायरी आपली आपण चालू होई. धुऊन झालं की ड्रायव्हर डिझेल भरायला मोठ्या रस्त्यावर जाई, परत येईस्तोवर पायरी जागी झालेली असे. दोन वर्षांत एकदाही त्याला ती हातानं चालू करावी लागली नव्हती. इतकं, की ती चालू करायची असते हेच त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

"तू ड्रायव्हर नाहीस रे," साडू म्हणायचा, "तू पायरीचा ऑपरेटर. गाडी तर कुणीही चालवेल."

"आणि तू?"

"मी पायरीचा न्हावी. दर सोमवारी दाढी."

असा त्यांचा सोमवार जात असे. बायकाही रविवारी एकमेकींकडे जात. एकूण बरं चाललं होतं, आणि हेच खरं म्हणजे काळजीचं कारण असायला हवं होतं.

आता आवारातल्या वेगाचं. एकदा फोर्कलिफ्टनं वळणावर खोकं पाडलं, चाळीस हजार झाकणं रस्ताभर पसरली आणि साहेब त्यांच्यावरून घसरता घसरता वाचले. त्याच संध्याकाळी साहेबांनी फर्मान काढलं: आवारात ताशी दहा. जो ओलांडेल त्याची एक हक्काची रजा कापायची. सेफ्टी ऑफिसरनं जागोजागी पाट्या लावल्या आणि वळणावर एक यंत्र बसवलं. वेग वाढला की त्यावर लाल आकडे येत आणि खाली एक रडका चेहरा. सेफ्टी ऑफिसरच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम होतं. आवारातलं कुत्रंसुद्धा मग धावेनासं झालं.

तर नव्या शेडच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. नव्या शेडमध्ये लहान मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणं निघणार होती. चाचणीत ती मोठ्यांनाही उघडता आली नव्हती, त्यामुळं सगळे खूष होते. साहेबांच्या ऑफिसपासून शेड एकशे ऐंशी मीटर. पण एचआर मॅडमचं म्हणणं पडलं की साहेब चालत आले तर देखरेखीला आल्यासारखं दिसेल. गाडीतून आले तर उद्घाटनाला आल्यासारखं दिसेल. दोन दिवस टाळ्यांची तालीम झाली. दोनशे कामगार नव्या टोप्या घालून दोन रांगांत. साहेबांचा पाय जमिनीला लागला की टाळ्या सुरू. साहेबांनी हात वर केला की टाळ्या बंद. त्याच्या आधी जो थांबेल त्याचं नाव घेतलं जाईल.

सकाळी गाडी वॉशिंगला गेली. ड्रायव्हरनं पायरी बंद केली. साडूनं गाडी अशी काही चमकवली की तिच्यात बघून एकानं भांग पाडला. मॅडमचा फोन आला, गाडी ताबडतोब ऑफिसखाली लावा. डिझेल राहिलं, मोठा रस्ता राहिला. ऑफिसच्या पोर्चला उंच कट्टा होता. तिथं साहेब कट्ट्यावरून सरळ सीटवर जात, पायरी आली काय नि न आली काय, कळायचं कारण नव्हतं. ड्रायव्हर निघाला. वळणावर यंत्रानं नऊ दाखवले. त्याला बरं वाटलं. आजच्या दिवशी रडका चेहरा नको.

शेडसमोर गाडी थांबली. शिपायानं धावत येऊन दार उघडलं. साहेब फोनवर होते. फोनवर बोलत बोलतच त्यांनी पाय रोजच्या जागी टाकला. पायरी जिथं असते तिथं त्या दिवशी काही नव्हतं.

साहेब आले ते एकदम आले. क्षणभराचा थांबा नाही, लांब बघणं नाही. आधी फोन आला, मग चष्मा, मग साहेब.

आणि टाळ्या सुरू झाल्या.

पाय जमिनीला लागला होता, हे खरंच होतं. पायाबरोबर बाकीचंही बरंच लागलं होतं, पण त्याबद्दल सूचना नव्हती. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. साहेब हनुवटीवर पडलेले, त्यांचा उजवा हात अंगाखाली. हात वर होईना, त्यामुळं टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात चालू होते. मॅडम ओरडत होत्या, "बंद करा! बंद करा!" पण तालमीत मॅडमच्या ओरडण्याचा काही भाग नव्हता. शेवटी ड्रायव्हर आणि शिपाई यांनी साहेबांना काखेत धरून उभं केलं, त्यात त्यांचा डावा हात वर गेला, आणि टाळ्या एका फटक्यात बंद झाल्या.

त्या शांततेत साहेब एवढंच म्हणाले, "कुणी?"

मनगट मोडलं होतं. हनुवटीला चार टाके.

संध्याकाळी ड्रायव्हर घरी खुर्चीत बसून राहिला. गाडी हॉस्पिटलमधून आणताना मोठ्या रस्त्यावर तिनं पंधरा ओलांडले होते आणि पायरी आपोआप चालू झाली होती. आता ती अगदी निष्पाप असल्यासारखी आत-बाहेर करत होती. त्यानं चारदा दार उघडून पाहिलं होतं. चारही वेळा पायरी आली.

बायको समोर बसली. "अहो, बटण कुणी दाबलं?"

"मी. दर सोमवारी मीच दाबतो. पण चूक बटणाची नाहीये. चूक पाटीची आहे. आत दहाच्या वर जायचं नाही, आणि पायरी पंधराशिवाय उठत नाही. मी नियम पाळला म्हणून ते पडले."

"असं सांगणार आहात?"

"खरं तेच आहे."

"म्हणजे साहेबांच्या नियमानं साहेब पडले, असं." ती थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. दाराच्या पलीकडच्या बाजूला ती पाटी होती. "पोरगी दहावीला आहे. आठ दिवसांत कुठं जायचं आपण?"

"माहीत आहे."

"ताईचं स्वतःचं घर आहे. ताईचं शिवणकाम चालतं." एवढं बोलून ती उठली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या आधीच घातलेल्या होत्या. तिनं त्या मोडून परत घातल्या.

"तू काय म्हणतेयस?"

"मी कुठं काय म्हणतेय?" ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

चौकशी तिसऱ्या दिवशी बसली. आधीचे दोन दिवस टाळ्यांवरच गेले होते. दोनशे जणांकडून लेखी खुलासे घेतले. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: सूचनेप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मॅडमनी ते गठ्ठा बांधून कपाटात टाकले, कारण सूचना त्यांची होती.

खोलीत मॅडम आणि सेफ्टी ऑफिसर. टेबलावर एक फॉर्म. त्यात तीन रकाने: काय घडलं, का घडलं, जबाबदार कोण. मधला रकाना बोटभर होता. तिसरा ऐसपैस.

ड्रायव्हरनं खरं सांगितलं. पायरी, पंधरा, दहा, वळण, नऊ. नीट, एकेक करून.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सेफ्टी ऑफिसरचा चेहरा त्याच्याच यंत्रावरच्या चेहऱ्यासारखा झाला.

"म्हणजे माझी पाटी चूक?" तो म्हणाला.

"पाटी चूक नाही हो. पण पाटी आणि पायरी यांचं जुळत नाही."

"पाटी साहेबांच्या सहीनं लागली आहे."

"तेच तर."

"तेच तर काय?" मॅडम म्हणाल्या. "हे बघा, मी हा कागद साहेबांकडे घेऊन जाणार. प्लॅस्टर हातात, टाके हनुवटीला. आणि मी वाचून दाखवू की साहेब, कारण म्हणजे तुम्ही? तुम्ही अकरा वर्षं आहात इथं. तुम्हीच सांगा, दाखवू?"

ड्रायव्हर फॉर्मवरच्या बोटभर रकान्याकडे बघत राहिला.

"आपण सोपं करू," मॅडम जरा मायेनं म्हणाल्या. "मी विचारते, तुम्ही फक्त खरं तेवढंच सांगा. पायरी बंद झाली ती कुठं?"

"वॉशिंगला."

"कशासाठी?"

"धुण्यासाठी."

"वॉशिंगला ड्युटी कुणाची असते?"

त्यानं साडूचं नाव सांगितलं नाही. "ते तुमच्या रजिस्टरमध्ये असेल," असं म्हणाला. हे वाक्य सुचल्याबद्दल त्याला क्षणभर स्वतःचं कौतुकही वाटलं. नाव आपण घेतलं नाही. मॅडमनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, नाव वाचलं, लिहिलं. मग कागद त्याच्याकडे सरकवला. वॉशिंग विभागात पायरी बंद करण्यात आली व तशीच ठेवण्यात आली. कुणी बंद केली, ते वाक्यात कुठंच नव्हतं. वाक्यात माणूसच नव्हता. माणूस शेजारच्या रकान्यात होता.

चुकीचं असं एक अक्षर त्यात नव्हतं. त्यानं दोनदा वाचून पाहिलं, एखादं सापडतंय का. मग सही केली आणि खाली जाऊन गाडीच्या काचा पुसत बसला. काचा स्वच्छ होत्या.

त्याच्यानंतर साडूला बोलावलं. वीस मिनिटांनी तो हातात पत्र घेऊन बाहेर आला आणि सरळ गाडीपाशी आला.

"तात्पुरतं बंद केलंय मला," तो म्हणाला. "लिहिलंय तसं. पुढील आदेश येईपर्यंत."

"अरे, मी बोलतो मॅडमशी."

"आपोआप चालू होईन ना मी? पंधराच्या पुढं पळालो की?" साडू हसला. रोजचंच हसू होतं, पण त्यानं ते नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडावर ठेवलं. मग रबरी बूट काढून वॉशिंगच्या दाराशी नीट जोडीनं लावले आणि अनवाणीच गेटकडे गेला. चपला न्यायला तो परत आला नाही, त्या तिथंच राहिल्या.

त्या रविवारी ताई आली नाही. बायको म्हणाली, "तुम्ही निदान भाऊजींना आधी सांगायचं तरी." ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. मग दोघांनी पोरीच्या परीक्षेचा विषय काढला.

पुढं दोन महिने गेले. साहेबांचं मनगट जुळलं, पण विजेवरचा विश्वास उडाला. सेफ्टी ऑफिसरनं परिपत्रक काढलं: सदर पायरी सुरक्षेच्या कारणास्तव तात्पुरती बंद ठेवण्यात येत आहे. ड्रायव्हरला गाडी वर्कशॉपमध्ये न्यायला लावून पायरीची वायरच काढून घेतली. त्याऐवजी साहेबांना उतरताना एक लाकडी स्टूल ठेवावं असं ठरलं. स्टूल आपलं आपण येत नाही, म्हणून एक माणूस लागणार होता. पदाला नाव सापडेना. शेवटी "वाहन साहाय्यक (उतरणे)" असं ठेवलं. चढण्यासाठी वेगळा माणूस घ्यावा का, यावर एक बैठक झाली. चढणेही त्याच्याकडेच द्यावं, असं ठरलं.

ड्रायव्हर मॅडमकडे गेला. हात जोडायचे तेवढे जोडले. वॉशिंगवाल्यालाच घ्या म्हणाला, गाडी ओळखीची आहे, माणूस चांगला आहे. मॅडमना त्याच्या मनाचा मोठेपणा फार आवडला. तसं त्या म्हणाल्याही. "जबाबदार धरलेल्या माणसासाठी कोण एवढं करतं?"

पत्र घेऊन तो स्वतः साडूच्या घरी गेला. ताईनं दार उघडलं, पत्र घेतलं, पाणी विचारलं नाही. आतून शिवणयंत्राचा आवाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी साडू वेळेवर हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, काखेत स्टूल.

"ये," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं बसायचं मी? पुढं चालेल ना तुम्हाला?"

ते "तुम्हाला" ऐकून ड्रायव्हरला आधी वाटलं, मागं साहेब उभे आहेत. त्यानं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

तेव्हापासून दोघं रोज शेजारी बसतात. सकाळी आठ ते रात्री साहेब सोडतील तोवर. साहेब बैठकीला गेले की तीन-तीन तास गाडी सावलीत उभी असते. साडू मांडीवर स्टूल घेऊन समोरच्या काचेतून बघत असतो. ते डिकीत ठेव, असं ड्रायव्हरनं पहिल्या आठवड्यात सुचवलं होतं. "ड्युटीवर आहे," साडू म्हणाला होता. पाण्याच्या बंदुकीचा आवाज इतका असायचा की पूर्वी त्याला ओरडून बोलावं लागे. आता गाडीत टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि हा बोलत नाही. ड्रायव्हरनं रेडिओ लावून पाहिला. रेडिओवरचे लोक एकमेकांना हसवत होते. त्यानं बंद केला.

एक दिवस साहेब कुठल्याशा इमारतीत गेले होते आणि ऊन विंडस्क्रीनवरून खाली ड्रायव्हरच्या हातांवर आलं होतं. त्यानं दोन कप चहा मागवला. साडूचा कप डॅशबोर्डवर तसाच राहिला, त्यावर साय धरली.

"बटण मीच दाबलं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे. मी शेजारीच उभा होतो."

"मग तिथं सांगायचंस ना. ड्रायव्हर दाबतो म्हणून. तुला विचारलं असेल त्यांनी."

"विचारलं."

"मग?"

साडूनं मांडीवरचं स्टूल जरा सरळ केलं. "मॅडमनी आधी तुमचा कागद वाचायला दिला. खाली सही. मी म्हटलं, हे काही खरं नाही. आपला माणूस खालीच आहे. आत्ता जिना चढून येईल, दार उघडेल आणि म्हणेल, थांबा. म्हणून मी वेळ काढत होतो. पाणी मागितलं. प्यायलो. मग परत मागितलं."

बोलण्यासारखं जे होतं त्याची वेळ तीन महिन्यांपूर्वी, वीस मिनिटांची होती, आणि तेवढा वेळ ड्रायव्हरनं काचा पुसल्या होत्या.

"दुसरा ग्लास पण पूर्ण प्यायलो," साडू म्हणाला. "तहान नव्हती."

इमारतीच्या दारात साहेब दिसले. साडूनं दार उघडलं आणि स्टूल घेऊन उतरला.